रविवार बाईचाही असतो



गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले की बोलणं हळूहळू घराकडे वळतं. मग एखादी ख्रिस्ती मैत्रीण म्हणते, "प्रार्थनेला बसायला वेळच मिळत नाही बाई. रविवारी उपासनेलासुद्धा निम्मी झाल्यावर पोचते. देवाला काय वाटत असेल?" तिच्या शेजारची म्हणते, "माझं तरी काय वेगळं? देवापुढं दिवा लावते तोही घाईघाईत." म्हणजे दुखणं सगळ्यांचंच आहे. आज आपण ख्रिस्ती घरांच्या अंगानं बोलू. बाकीच्या मैत्रिणींनीही ऐकावं, कारण नाव बदललं तरी गोष्ट तुमच्या घरातलीच निघेल.

आधी वेळ जातो कुठं ते पाहू. सरकारनं २०१९ मध्ये देशभर पाहणी केली होती, दिवसाचा वेळ माणसं कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात रोजचे सरासरी २९९ मिनिटं गेलेले दिसले, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाचे गेले ९७ मिनिटं. मुलाबाळांचं, आजारी माणसांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजलं आहे. शेतातली मजुरी, डेअरीला दूध घालणं हेही वेगळंच. तेव्हा प्रार्थनेला वेळ मिळाला नाही तर "माझा विश्वास कमी पडला" असं लगेच मनाला लावून घेऊ नका. आधी दिवसाचा हिशोब मांडा. हिशोब ठेवणं गटानं आपल्याला शिकवलंच आहे.

आता दुसरा प्रश्न. देव आपल्याकडे किती वेळ मागतो?

शिष्यांना प्रार्थना शिकवताना येशूनं आधी एक सांगितलं, की उगाच शब्द वाढवत बसू नका, तुम्हाला काय हवं ते मागण्याआधीच तुमच्या पित्याला ठाऊक आहे. मग जी प्रार्थना शिकवली ती आपण प्रभूची प्रार्थना म्हणतो. सावकाश म्हटली तरी एका मिनिटाच्या आत होते. तेवढ्यात देवाचं नाव आहे, आजची भाकर आहे, क्षमा आहे, संकटातून सुटका आहे. चुलीवर दूध ठेवलं आणि ते वर येईपर्यंत ती म्हणून होते. छोटी आहे म्हणून तिची किंमत कमी नाही.

येशूलाही वेळेची ओढाताण होतीच. मार्काच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात आहे बघा. संध्याकाळी सगळं गाव आजारी माणसं घेऊन दाराशी लोटलं. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठला आणि एकांतात जाऊन प्रार्थना करू लागला. तेवढ्यात शिमोन आणि बाकीचे शोधत आलेच, "सगळे तुला शोधताहेत" म्हणून. आपण पहाटे पाच मिनिटं डोळे मिटले की "चहा झाला का?" ही हाक येतेच ना, तसंच ते. आणि कामाची माणसं शोधत होती तरी त्यानं तो वेळ घेतला, हेही त्या गोष्टीत आहे.

कामाच्या जोडीनं देवाचं नाव घेणं आपल्या मातीला नवं नाही. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसायच्या. हात दळायचे, तोंडानं ओवी चालायची, आणि पहिली ओवी बहुतेक देवाची असायची. या ओवीचं बळ परदेशातून आलेल्या एका पाद्र्यालाही कळलं होतं. फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे, गोव्यात राहून मराठी शिकले. त्यांनी 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. त्यात दहा हजारांहून जास्त ओव्या आहेत. येशूची गोष्ट इथल्या माणसांना सांगायची तर इथल्या चालीत सांगावी, असं त्यांनी ठरवलं.

पुढं पिठाची गिरणी आली. दळणाचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण जात्याबरोबर ओवीही उठून गेली. वाचलेला वेळ बाईच्या हाती आला का? तो दुसऱ्या कामांनी भरून गेला. म्हणून ओवीची जागा आता आपणच कुठंतरी शोधायला हवी.

कामातली माणसं डोळ्यांपुढं ठेवून चर्चनंही सोयी केलेल्या आहेत. वसईकडच्या आणि गोव्यातल्या कॅथलिक गावांत सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी चर्चची घंटा वाजण्याची रीत आहे. घंटा ऐकली की हातातलं काम थांबवून छोटी प्रार्थना म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायचं. रोझरीची माळही तशीच. पाच दशकं, प्रत्येकात दहा वेळा नमो मरिया. बोटांना मणी कळतात, डोळ्यांना पुस्तक लागत नाही. शेताच्या वाटेवर, एसटीत, आजारी माणसाच्या उशाशी बसून ती म्हणता येते. तुमच्या गावात घंटा ऐकू येत नसेल तर दुसरी खूण धरा. नळाला पाणी आलं, डेअरीचा भोंगा झाला, पोरांची शाळा सुटली, यातली एक वेळ देवाची म्हणून ठरवून टाका. रोजच्या कामाला बांधलेली गोष्ट विसरली जात नाही.

स्वयंपाकघरातल्या भक्तीचं एक नाव जगभर घेतलं जातं. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे सेवक होते. त्यांच्याकडे कित्येक वर्षं स्वयंपाकाचं काम होतं. भांडी वाजत असताना, माणसं काही ना काही मागत असतानाही देव तितकाच जवळ असतो, असा त्यांचा अनुभव. त्यांच्याकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे. पण एक फरकही ध्यानात ठेवावा. मठात जेवणाची, प्रार्थनेची, झोपेची वेळ ठरलेली असते. कडेवर रडणारं मूल नसतं. "भाकरी थापताना प्रार्थना कर की, वेगळा वेळ कशाला हवा?" असं घरातलं कुणी आपल्याला सांगू लागलं तर त्याला विचारावं, तुम्हीही नांगरतानाच प्रार्थना करता का? रविवारी पुढच्या बाकावर बसून करता ना?

इथं खरी गोष्ट येते. कामात मिसळलेली प्रार्थना चांगली, पण तेवढीच बाईच्या वाट्याला यावी हे बरोबर नाही. काम बाजूला ठेवून बसायचा थोडा वेळ तिलाही हवा.

मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. येशू घरी आला. मार्था पाहुणचाराच्या कामात बुडाली, मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकू लागली. मार्थानं तक्रार केली, की हिला मला मदत करायला सांगा. येशू म्हणाला, तू फार गोष्टींची काळजी करतेस, मरीयेनं चांगला वाटा निवडला आहे, तो तिच्याकडून घेतला जाणार नाही. ही गोष्ट सांगून काम करणाऱ्या बाईला टोचून बोलायची पद्धत आहे. पण नीट पाहिलं तर पायाशी बसणं म्हणजे शिष्य होऊन शिकणं. त्या काळी गुरूच्या पायाशी बसायचे ते पुरुष. येशूनं ती जागा बाईला दिली आणि ती काढून घेऊ दिली नाही. आपल्या घरी मार्था आणि मरीया एकच बाई असते. तिला मरीयेसारखं बसायचं असेल तर मार्थाचं थोडं काम घरातल्या बाकीच्यांनी उचललं पाहिजे.

रविवारचंही तसंच आहे. शब्बाथाची आज्ञा अनुवादाच्या पुस्तकात पाचव्या अध्यायात वाचा. विसावा कुणाकुणाला द्यायचा याची तिथं यादीच आहे. तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या गावात राहणारा परका माणूस. कारणही दिलं आहे, की मिसर देशात तुम्ही गुलाम होतात हे विसरू नका. म्हणजे राबणाऱ्यांना दिलेली ही हक्काची सुट्टी आहे. ख्रिस्ती लोक प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवार पाळतात. आता गंमत बघा. त्या यादीत बैल आहे, पण बायको असा वेगळा शब्द नाही. "तू" म्हटलं त्यात नवरा-बायको दोघंही आले, असा अर्थ लावला जातो आणि तोच बरा आहे. नाहीतर बैलाला विसावा आणि बाईला मटणाचं वाटण, असं व्हायचं.

खरंच, बऱ्याच घरांत रविवार बाईला जड जातो. सगळे घरी, कालवण चांगलं हवं, पोरांना अंघोळी, कपड्यांना इस्त्री, आणि चर्चला वेळेवर. मग ती एकतर उशिरा पोचते नाहीतर घरीच राहते. यावर घरच्यांशी बसून बोला. भांडणाचा सूर नको, आज्ञेचाच आधार घ्या. वाटण शनिवारी करून ठेवता येतं. पोरांची तयारी त्यांचे वडील करू शकतात. उपासनेहून आल्यावर सगळ्यांनी मिळून स्वयंपाक केला तर जेवण तासभर उशिरा होईल, त्यानं काही बिघडत नाही.

मंडळीतही बोला. कांदा काढणीच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसांत सकाळची उपासना बायकांना जमत नसेल, तर संध्याकाळी ठेवता येईल का, हे पाळकसाहेबांना आणि पंचांना महिला मंडळानं मिळून विचारावं. कॅथलिक मैत्रिणींसाठी शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून चालते. आणि आजारपण असेल, तान्हं बाळ सांभाळायचं असेल, तर मिस्सा चुकली म्हणून पाप लागत नाही, असं चर्चची शिकवणच सांगते. ज्या बाईचं लेकरू तापानं फणफणलं होतं तिनं रविवारभर मनाला खात बसू नये.

वचन वाचायला मोठा अध्यायच घ्यावा असं नाही. स्तोत्र ११७ दोनच ओळींचं आहे, तेविसावं सहा. वाचता येत नसेल तर मराठी पवित्र शास्त्र आता मोबाईलवर ऐकायलाही मिळतं. शाळेत जाणाऱ्या मुलीला रोज पाच ओळी मोठ्यानं वाचायला सांगा, तिचंही वाचन सुधारेल. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी शेकडो निराधार बायका-मुलींचा संसार चालवता चालवता मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्र मराठीत आणलं. साध्या बाईला समजावं, अशी भाषा असावी ही त्यांची तळमळ. त्या १९२२ मध्ये गेल्या, आणि तिथल्याच छापखान्यात बायकांच्या हातून ते छापून निघालं. एवढं कष्टानं आपल्यापर्यंत आलेलं पुस्तक कपाटात राहू नये.

आणि रात्री? रात्री प्रार्थनेला बसल्यावर डोळा लागला तर लाजू नका. एकशे सत्ताविसाव्या स्तोत्रात आहे, की पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबत राहणं व्यर्थ आहे, देव आपल्या लाडक्यांना झोप देतो. दिवसभर राबलेल्या बाईची झोपही त्याच्या हातचं देणं आहे. अंथरुणावर आडवं होताना "प्रभू, आजचा दिवस तुझ्या हाती" एवढं म्हणा आणि झोपा.

पुढच्या बैठकीत दोन गोष्टी करून बघा. प्रत्येकीनं एका दिवसाचा वेळ लिहून आणायचा, पहाटे उठल्यापासून निजेपर्यंत. आणि त्यातला पाव तास फक्त स्वतःचा आणि देवाचा म्हणून सोडवायचा असेल तर कोणतं काम कुणाला द्यायचं, हे ठरवायचं. रमजानला रोजा करणारी, वारीला जाणारी, बुद्धवंदना घेणारी मैत्रीणही यात येऊ द्या. तिचाही पाव तास कुठंतरी अडकलेला आहे.