हृदय हाही एक स्नायूच

मंडळी, काही घरांत असा मुलगा असतो. जन्मतो तेव्हा चांगला असतो. चालायला जरा उशीर लागतो. पुढं तीन-चार वर्षांचा झाला की सारखा पडतो. जमिनीवरून उठायचं तर हात गुडघ्यांवर, मांड्यांवर टेकत टेकत उभा राहतो. पोटऱ्या भरलेल्या दिसतात, पण पायांत जोर नसतो. दहा-बारा वर्षांचा होतो न होतो तोच त्याचं चालणं थांबतं.

कुणी म्हणतं, करणी झाली. कुणी म्हणतं, आईचं पाप. दोन्ही खोटं! हा एक रोग आहे. त्याचं नाव मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायूंची झीज. याचे प्रकार पुष्कळ आहेत. वर सांगितला तो ड्यूशेन प्रकार. ड्यूशेन हे फ्रान्समधले डॉक्टर. त्यांनी १८६८ साली या रोगाचं सविस्तर वर्णन केलं. स्नायू टिकावा म्हणून शरीर डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन तयार करतं. ते १९८७ साली सापडलं. या मुलांच्या अंगात ते जवळजवळ तयारच होत नाही. म्हणून स्नायू झिजतात.

आता आमचा मुख्य मुद्दा. पायाचा स्नायू झिजला तर तो दिसतो. पण हृदय हाही एक स्नायूच आहे. त्याचीही झीज होते, आणि ती दिसत नाही.

हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं. ठेका कोण धरतं? हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक लहानशी जागा आहे. तिथून विजेची सूक्ष्म लहर निघते आणि साऱ्या हृदयात पसरते. भजनात पखवाज ठेका धरतो आणि टाळकरी त्याबरोबर चालतात, तसंच हे. स्नायू झिजला की तिथं वण पडतो. पाटात ढेकूळ आडवं आलं की पाणी अडतं, भलतीकडंच वळतं. वणापाशी त्या लहरीचं तसंच होतं. मग ठोके फार जलद पडतात, चुकतात किंवा वेडेवाकडे पडतात. कधी कधी जिवावर बेतू शकतं.

दुसरा एक प्रकार आहे, एमरी-ड्रायफस. त्यात कोपर आणि घोटे आखडतात. माणूस हिंडता-फिरता असतो. पण लहरीची वाटच अडते. ठोके फार मंद होतात. अशा तरुणाला चक्कर येते, शुद्ध हरपते. त्याच्या छातीत कातडीखाली ठोका सांभाळणारं लहान यंत्र बसवावं लागतं. त्याला पेसमेकर म्हणतात. म्हणून ध्यानात ठेवा, पायांची ताकद पाहून हृदयाचा अंदाज बांधू नये.

चालणाऱ्या माणसाला चढ चढताना धाप लागते. त्यावरून हृदयाचं दुखणं कळतं. खुर्चीत बसलेल्या मुलाला धाप कशी लागणार? त्याची लक्षणं निराळी असतात. अन्न जात नाही. पोट दुखतं, उलटी होते. वजन घटतं. रात्री झोप लागत नाही. रोजचं कामही झेपत नाही. घरचे म्हणतात, पोट बिघडलं असेल. तसं समजून थांबू नका. छातीत धडधड झाली, चक्कर आली किंवा शुद्ध हरपली तर त्याच घडीला दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

काही त्रास नसला तरी रोग कळला की लगेच, आणि मग दर वर्षी हृदय तपासून घ्यावं. इ.सी.जी. नावाच्या यंत्राला भिऊ नका. ते अंगात वीज सोडत नाही. अंगातली वीज कागदावर उतरवून घेतं. दुखत मुळीच नाही. इको या तपासणीत हृदयाची हालचाल पडद्यावर दिसते. हृदयाचा भार हलका करणारं औषध ड्यूशेनच्या मुलांना दहाव्या वर्षापर्यंत सुरू करावं, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. औषधानं रोग मुळापासून जात नाही, पण हृदयाची झीज लांबते. कोणतीही गोळी आपल्या मनानं बंद करू नका. शस्त्रक्रिया करायची झाली तर भूल देण्याआधी डॉक्टरांना हा रोग सांगा. भुलेची काही औषधं या मुलांना घातक ठरतात.

आईला दोष देऊ नका. हा दोष पुष्कळदा आईकडून येतो, पण तिनं तो मागून घेतलेला नसतो. कधी तो मुलातच नव्यानं उपजतो. आईकडून आला असेल तर तिनंही आपलं हृदय तपासून घ्यावं.

आता तुम्हांला लिहिता-वाचता येतं. त्याचा इथं उपयोग करा. मुलगा शांत बसला असता त्याच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, तीन बोटं ठेवा. घड्याळ लावून पुरा एक मिनिट ठोके मोजा. ड्यूशेनच्या मुलांची नाडी मुळातच जलद असते. म्हणून त्याची नेहमीची नाडी किती, हे आपल्याला ठाऊक हवं. वहीत तारीख, ठोके आणि औषधाचं नाव लिहा. ठोके नेहमीपेक्षा फार वाढले, फार घटले किंवा मध्येच चुकू लागले तर वही घेऊन डॉक्टरांकडं जा. तुमच्या चार ओळी त्यांना फार उपयोगी पडतील.

आठवा आणि सांगा :
१. खुर्चीत बसणाऱ्या मुलाला धाप का लागत नाही?
२. इ.सी.जी. यंत्र काय करतं?
३. वहीत कोणत्या तीन गोष्टी लिहाल?