लीग तीन महिन्यांची, संघ नऊ महिन्यांचा

नागपूरहून हैदराबादकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४४ आदिलाबाद मागे टाकतो, गुडीहतनूर आणि इच्चोडा ओलांडतो आणि मग नेरडीगोंडा लागतं. बाहेरचा माणूस इथे वळतो तो कुंटाळ्याच्या धबधब्यासाठी. कडम नदी इथे सुमारे ४५ मीटर खाली झेपावते. या पट्ट्यात घरात मराठी, शाळेत तेलुगू आणि बाजारात दोन्ही, शिवाय गोंडी आणि लंबाडी असं बोलणं चालतं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेले, बाकी जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४पासून तेलंगणात आहे. सोयरीक मात्र हद्द पाहून थांबली नाही.

कबड्डीनेही ती हद्द कधी मानली नाही. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे काळ्या मातीत फक्कीने आखलेली मैदानं सारखीच दिसतात. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि इथल्या मराठी घरांपुढे एक निवड आली: राज्याचा संघ तेलुगू टायटन्स, भाषेचा संघ पुणेरी पलटण. या दोन संघांची गेल्या काही वर्षांची वाटचाल शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर व्यावसायिक संघ नेमका केव्हा घडतो याचं उत्तर मिळतं. तो सामन्यांच्या दोन-तीन महिन्यांत घडत नाही. शेवटची शिट्टी वाजल्यापासून पुढच्या पहिल्या चढाईपर्यंत जे आठ-नऊ महिने जातात, त्यांत तो घडतो किंवा बिघडतो.

सगळ्यात बोलका पुरावा दहाव्या हंगामाचा. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत लिलाव झाला. प्रत्येक संघाच्या थैलीत ५ कोटी रुपये, आणि ज्यांना आधीच राखून ठेवलं त्यांचं मानधनही याच थैलीतून वजा. पुणेरी पलटणने इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शादलूई २ कोटी ३५ लाखांना घेतला. लीगच्या इतिहासातली ती तोवरची सर्वांत मोठी बोली. ती फार वेळ टिकली नाही. त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६०.५ लाख मोजले. म्हणजे दोन्ही संघांनी आपली जवळजवळ निम्मी थैली एकेका माणसावर रिकामी केली.

निकाल असा लागला. पलटणने साखळीतल्या २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, फक्त २ गमावले आणि ९६ गुणांसह पहिला क्रमांक घेतला. टायटन्सने २२ पैकी २ जिंकले आणि २१ गुणांवर ते तळाला राहिले. पवन खेळला नाही असं मुळीच नाही. त्याने चढाईतून दोनशेहून अधिक गुण आणले, त्याच हंगामात हजार चढाई गुणांचा टप्पाही ओलांडला. तरी संघ शेवटचा. कारण साधं आहे. कबड्डीत चढाईपटू एकदा बाद झाला की तो बाकावर बसतो, आणि त्याला परत आणायला कुणीतरी समोरच्याला बाद करावं लागतं. पकड बसत नसेल तर अडीच कोटींचा माणूस सामन्याचा अर्धा वेळ बाहेर बसून पाहत राहतो. टायटन्सचं नेमकं तेच होत गेलं.

पलटणकडे शादलूई आला तेव्हा त्याच्याभोवती उभं राहायला माणसं तयार होती, आणि ती स्वस्तात मिळालेली होती. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे आठव्या हंगामात नवोदित खेळाडू म्हणून संघात आलेले. आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री ही मंडळी एकमेकांसोबत मुरलेली. लीगच्या नियमांत नवोदितांसाठी वेगळा गट आहे. लिलावाबाहेर कमी मानधनात त्यांच्याशी करार होतो आणि संघाला त्यांना काही हंगाम राखता येतं. पलटणने या तरतुदीचा पुरेपूर उपयोग करून घेतला. पुण्यातल्या अकादमीत पोरं घडवायची, ‘युवा पलटण’ म्हणून स्पर्धांना उतरवायची आणि तयार झाली की मोठ्या संघात घ्यायची, असा त्यांचा शिरस्ता. नवव्या हंगामात हा संघ पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचला आणि जयपूर पिंक पँथर्सकडून २९-३३ असा हरला. त्यानंतर संघ मोडायचा मोह व्यवस्थापनाने टाळला, मला यात त्यांचं खरं मोठेपण दिसतं. प्रशिक्षक बी. सी. रमेश तेच राहिले, गाभा तोच राहिला, आणि नेतृत्व तरुण अस्लमकडे आलं. नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा हा मुलगा दहाव्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याआधी हांगझो आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो आणि आकाश शिंदे दोघेही होते.

१ मार्च २०२४ला अंतिम सामना झाला तो हैदराबादच्या गचिबावलीत, टायटन्सच्या घरी. समोर हरियाणा स्टीलर्स. पहिल्या सत्रात पंकज मोहितेने एका चढाईत ४ गुण वसूल केले. त्याच्यासारखा बुटका, चपळ चढाईपटू साखळीच्या मधोमध सापडल्यासारखा वाटतो, बचावातला एकजण घाईने पुढे सरसावतो, आधाराला दुसरा येतो, आणि त्याच क्षणी तो मध्यरेषेच्या दिशेला फुटतो. अंगाला लागलेले सगळे बाद. एक चढाई, आणि सात जणांच्या बचावातले चार बाहेर. पलटण २८-२५ अशी जिंकली. पंकजचे ९ गुण, गौरव खत्रीच्या ४ पकडी. शादलूई त्या हंगामाचा सर्वोत्तम बचावपटू ठरला होता, पण अंतिम सामना जिंकून दिला तो घरच्या ताटात वाढलेल्या पोरांनी.

त्या रात्री हरलेल्या बाजूला सिद्धार्थ देसाई होता. टायटन्सची गोष्ट त्याच्याशिवाय सांगता येत नाही. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा हा उंचापुरा गडी २०१८ साली यू मुंबाकडून उतरला आणि पहिल्याच हंगामात दोनशेहून अधिक गुण घेऊन गेला. पुढच्या लिलावात टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. राहुल चौधरी हा टायटन्सचा पहिल्या हंगामापासूनचा चेहरा. तो गेला आणि त्याची जागा सिद्धार्थने घेतली. तेलुगू प्रेक्षकांनी त्याला ‘बाहुबली’ म्हणून डोक्यावर घेतलं. त्याचा भाऊ सूरजही त्याच संघात होता. सिद्धार्थने पुन्हा दोनशे ओलांडले, संघ मात्र अकरावा आला. आठव्या हंगामात दुखापतीने तो मोजकेच सामने खेळू शकला, आणि एकाच खांबावर उभा केलेला तंबू कोसळला: एक विजय, शेवटचा क्रमांक. नवव्या हंगामात दोन विजय, शेवटचा क्रमांक. दहाव्यात पवन आला तरी तेच. सलग तीन वर्षं तळ, आणि या काळात प्रशिक्षकही जवळजवळ दर वर्षी बदलत गेला.

दोष चढाईपटूंचा नव्हता. राहुल, सिद्धार्थ, पवन हे तिघेही आपापल्या काळातले अव्वल. चूक दर वर्षी लिलावाच्या टेबलावर तीच होत होती. प्रेक्षकाला चढाईपटू दिसतो, फलकावर त्याचा चेहरा खपतो, म्हणून पैसा तिकडे जातो. कोपरारक्षकाचं काम डोळ्यांत भरत नाही. चढाईपटूचा पाय बोनस रेषेकडे कधी लांबेल याची वाट पाहत तो अर्धा वाकून उभा असतो. पाय टेकतो त्या क्षणी दोन्ही हातांनी घोटा धरून तो स्वतःकडे ओढायचा आणि आपली मान, खांदा त्याच्या गुडघ्याखाली नेऊन त्याचा तोल मोडायचा. शेजारचा त्याच वेळी धावून आला नाही, तर घोटा सुटतो आणि गुण जातो. ही वेळ साधायची तर दोन बचावपटूंनी महिनोन्‌महिने एकमेकांशेजारी उभं राहावं लागतं. ती लिलावात विकत मिळत नाही. म्हणून बचाव दर वर्षी मोडणाऱ्या संघाला पकड लागत नाही.

उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या लीगची पद्धत इथे डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहे. तिथे ३२ संघ, प्रत्येकाचे ८२ साखळी सामने. मानधनाच्या कमाल मर्यादेवरून मालक आणि खेळाडूंचं इतकं बिनसलं की २००४-०५चा अख्खा हंगाम बुडाला, आणि त्यानंतर ती मर्यादा लागू झाली. पण तिथे हरणाऱ्याला एक आधार आहे. दर उन्हाळ्यात कुमार खेळाडूंची निवड होते, आणि तळाच्या संघांना आधी निवडण्याची संधी मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. सलग तीन वर्षं शेवटी राहिलेल्या संघाकडे तिथे तीन-चार उमदी पोरं तरी जमतात. आपल्याकडे थैली सर्वांना सारखी, पण तळाच्या संघाला तसा काही हात मिळत नाही. म्हणजे नवोदित शोधण्याची जबाबदारी संघाने आपणहून घेतली तरच तो सावरतो. पलटणने ती घेतली. टायटन्सला ते उमगायला बरीच वर्षं गेली.

उमगलं मात्र. अकराव्या हंगामासाठी कृष्णकुमार हुडा प्रशिक्षक म्हणून आले. दबंग दिल्लीला आठव्या हंगामाचं विजेतेपद त्यांनीच मिळवून दिलं होतं. लिलावात आपल्याच सोडलेल्या खेळाडूवरची अंतिम बोली बरोबरीने देऊन त्याला परत घेता येतं. टायटन्सने ती सवलत वापरून पवनला १ कोटी ७२.५ लाखांत परत मिळवलं, म्हणजे आधीपेक्षा बऱ्याच कमी पैशांत, आणि उरलेला पैसा इतरत्र लावला. मधल्या काळात पवन दुखापतीमुळे बाहेर गेला तेव्हा संघ कोसळला नाही. विजय मलिकने भार उचलला. १२ विजय, सातवा क्रमांक, बाद फेरी थोडक्यात हुकली.

यानंतरची विश्रांतीची वेळ टायटन्सच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची मानायला हवी. त्यांनी पवनला जाऊ दिलं आणि प्रशिक्षकाला ठेवलं. मे-जून २०२५च्या लिलावात दोन बोल्या २ कोटींच्या वर गेल्या: गुजरातने शादलूई घेतला, बंगालने देवांक दलाल. टायटन्स त्या शर्यतीत पडलेच नाहीत. विजय मलिकला संघात ठेवलं, कर्णधार केलं, चढाईला भरत हुडा आणला, बचावात कोकणातला शुभम शिंदे आला. संघात कोट्यवधींचा एकही माणूस नव्हता.

बारावा हंगाम २९ ऑगस्ट २०२५ला विशाखापट्टणमला सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यात टायटन्स घरच्या प्रेक्षकांसमोर तमिळ थलायवाजकडून हरले. या हंगामात प्रत्येकाला १८ साखळी सामने आणि सामना बरोबरीत सुटला तर तिथल्या तिथे निकाल, असं नवं स्वरूप होतं. टायटन्सने त्यातले १० जिंकले आणि २०१६नंतर पहिल्यांदा बाद फेरी गाठली. तिथे बेंगळुरूला हरवलं, पाटण्याला हरवलं. अंतिम फेरीच्या दारात त्यांची गाठ पडली ती पुणेरी पलटणशीच. पलटण ५०-४५ अशी जिंकली. भरत हुडा त्या दिवशीही थांबायला तयार नव्हता, पण पलटणच्या आदित्य शिंदेने तितक्याच जोमाने उत्तर दिलं. पलटणच्या बचावात त्या हंगामात विशाल भारद्वाज होता, एकेकाळी टायटन्सचा डावा कोपरा सांभाळणारा. सोडून दिलेला कोपरा असा कधीतरी समोर येऊन उभा राहतो. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना झाला आणि पलटणने तो २८-३१ असा गमावला. शेवटच्या क्षणांत फझल अत्राचलीची पकड दबंग दिल्लीच्या कामी आली, आणि हा फझल नवव्या हंगामात पलटणचाच कर्णधार होता.

आता दोन्ही संघांपुढचे प्रश्न वेगळे आहेत. पलटणला पोरांचं वय वाढल्याची किंमत मोजावी लागणार. नवोदित म्हणून स्वस्तात आलेला खेळाडू नाव झाल्यावर त्याच मानधनात राहत नाही, राहूही नये. अस्लमच्या पिढीला योग्य मोल देऊन पुढची पिढी तयार ठेवणं, हे अकादमीचं खरं काम. टायटन्सचा प्रश्न अधिक मूलभूत आहे. त्यांनी भरत, विजय आणि बचावाचा गाभा मोडता कामा नये, हे तर झालंच. पण त्यांच्या मुख्य सातांत तेलंगणातली मुलं आजवर थोडीच दिसली. संघ बहुतांशी हरियाणाच्या भरवशावर उभा राहतो. हरियाणाच्या खेळाडूंबद्दल मला आदरच आहे, त्यांच्या गावांनी या खेळाला जितकं दिलं तितकं क्वचितच कुणी दिलं असेल. तरी ज्या जिल्ह्यांच्या नावावर तिकिटं विकली जातात, तिथल्या मैदानांवर निवड करणारा माणूस फिरायला नको का?

आदिलाबादला राज्य सरकारची क्रीडा शाळा आहे. उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेच्या आश्रमशाळा या डोंगराळ पट्ट्यात पसरलेल्या आहेत. गोंड, कोलाम, लंबाडा आणि मराठी घरांतली मुलं तिथे एकत्र खेळतात. या मुलांचा दम आणि पायांची ताकद पाहायला हैदराबादहून अडीचशे-तीनशे किलोमीटर यावं लागतं, एवढंच. अडचणी खऱ्या आहेत. मातीवर वाढलेल्या मुलाचा पाय मॅटवर वेगळा पडतो, बूट घालून घोटापकड टाळण्याची सवय नव्याने लावावी लागते, आणि दुखापत झाली तर उपचाराचा खर्च शेतकरी बापाच्या अंगावर येतो. त्यातच लीग संपली की चांगल्या खेळाडूंना विसावा मिळत नाही. २०२४ साली अंतिम सामन्याला तीन आठवडे होतात न होतात, तोच नगरला वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा भरली. राज्याचा संघ, खात्याचा संघ, लीगचा संघ, तिघांची ओढाताण एकाच गुडघ्यावर.

१९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं. पुढे बुवा साळवींनी उभं आयुष्य नियम आणि संघटना बांधण्यात घातलं, १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्र कबड्डी दिन म्हणून पाळतो. त्या माणसांनी खेळ गावागावांतून उचलला, वर नेला. लीगमुळे त्यात पैसा आला, तो हवाच होता. त्या ५ कोटींच्या थैलीतली एक छोटी पुरचुंडी दर वर्षी चार जिल्ह्यांतल्या निवड चाचण्यांसाठी, एका चांगल्या प्रशिक्षकासाठी आणि जुन्या का होईना पण दोन मॅटसाठी बाजूला काढली, तर टायटन्सला त्याची परतफेड तीन-चार हंगामांत मिळेल. आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद हे एकाच जुन्या जिल्ह्याचे चार भाग. चाचण्या आदिलाबादला ठेवल्या तर नेरडीगोंड्याचा मुलगा सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकतो. आणि टायटन्सने हे केलं नाही, तर किनवटच्या मामाकडे राहून महाराष्ट्राच्या स्पर्धांत उतरायची वाट या भागातल्या मराठी मुलाला मोकळी आहे, आणि तिथे पुण्याची नजर आधीच पोचलेली आहे.