स्क्रीन अडवतो तेव्हा कारण सांगतो का? : ऊसनोंदीच्या उदाहरणातून एरर मेसेज

मागच्या व्याख्यानात आपण सॅपमध्ये, म्हणजे अबाप भाषेत, स्क्रीन कसा तयार करायचा ते पाहिलं. आजचा प्रश्न असा : भरणाऱ्यानं चुकीचं काही टाकलं, तर स्क्रीननं त्याला काय सांगायचं आणि कसं सांगायचं?

उदाहरण आपल्या भागातलंच घेऊ. सातारा-सांगलीत ऊस कुणाला नवीन नाही. समजा एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागासाठी आपण ऊसनोंदीचा स्क्रीन करतोय. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, क्षेत्र एकर-गुंठ्यात, उसाची जात, लागणीची तारीख आणि हंगाम एवढे रकाने आहेत. चिटबॉयनं शिवारातून आणलेली माहिती गट ऑफिसात कुणीतरी भरणार. लागणीच्या तारखेवर तोडणीची पाळी ठरते. तारीख चुकली की पाळी मागे जाते, ऊस रानात उभा राहतो, तुरा येतो, वजन घटतं. तेव्हा या रकान्यातली चूक शेवटी शेतकऱ्याच्या बिलात उतरते.

मेसेजचे प्रकार

सॅपमध्ये मेसेजचे सहा प्रकार आहेत. ‘ई’ म्हणजे एरर : दुरुस्ती केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘डब्ल्यू’ म्हणजे वॉर्निंग : दुरुस्ती करा, नाहीतर एंटर दाबून पुढे जा. ‘आय’ म्हणजे माहिती : चौकट येते, वाचायची, एंटर मारायचा. ‘एस’ म्हणजे काम झालं : तो पुढच्या स्क्रीनच्या खालच्या पट्टीत दिसतो. ‘ए’नं अख्खं ट्रान्झॅक्शनच थांबतं. आणि ‘एक्स’नं प्रोग्रॅम मुद्दाम पाडून डंप घेतला जातो.

आता हे आपल्या स्क्रीनला लावू. गुंठ्यांच्या रकान्यात ४५ टाकले. ४० गुंठ्यांचा एक एकर, मग ४५ येतीलच कसे? इथे ‘ई’. लागणीची तारीख उद्याची टाकली, इथेही ‘ई’. आडसालीची लागण साधारण जुलै-ऑगस्टमध्ये होते, पण तारीख सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली आहे. पावसानं वाफसाच आला नसेल, तर असं होऊ शकतं. म्हणून इथे ‘डब्ल्यू’. नोंद जतन झाली, तिचा नंबर दाखवायचा, तिथे ‘एस’.

नियम सोपा आहे. जे होऊच शकत नाही ते अडवा. जे सहसा होत नाही ते विचारा. मात्र विचारणंही बेतानं. प्रत्येक नोंदीला तीन-तीन वॉर्निंग आल्या, तर माणूस न वाचता एंटर मारायला शिकतो.

कुठला रकाना उघडा राहतो?

स्क्रीन भरून एंटर दाबल्यावर जो टप्पा चालतो त्याला ‘प्रोसेस आफ्टर इनपुट’ म्हणतात. तपासणी तिथे करायची. तपासणीचं मॉड्यूल ‘फील्ड’ या विधानानं रकान्याला जोडलं, तर एरर आल्यावर तेवढाच रकाना भरण्यासाठी उघडा राहतो. गुंठ्यांचं तसंच करायचं.

पण तारीख ५ ऑगस्ट आणि हंगाम ‘सुरू’, तर? सुरूची लागण हिवाळ्याच्या शेवटी, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे दोनपैकी एक नक्की चूक. कुठलं, ते मशीनला कळत नाही. अशा वेळी दोन्ही रकाने ‘चेन’ आणि ‘एंडचेन’ यांच्यामध्ये ठेवायचे, म्हणजे दोन्ही उघडे राहतात. काहीच न जोडता ‘ई’ दिला, तर मेसेज दिसतो पण एकही रकाना भरता येत नाही. माणसाला सांगितलं ‘दुरुस्त कर’ आणि हात बांधून ठेवले! म्हणूनच तपासणीच्या आधी बाहेर पडायची वाटही ठेवावी. त्यासाठी ‘ॲट एक्झिट-कमांड’ आहे.

शब्द

मेसेजचा मजकूर प्रोग्रॅममध्ये लिहू नका. ‘एसई ९१’मध्ये मेसेज क्लास करा. तिथे ००० ते ९९९ असे नंबर मिळतात, मजकुराला ७३ अक्षरं मिळतात आणि & या खुणेनं चार बदलत्या किमती घालता येतात. मजकूर बाहेर राहिला की प्रोग्रॅमला हात न लावता सुधारता येतो, भाषांतरही करता येतं.

‘चुकीची नोंद’ हा मेसेज नव्हे. ‘गुंठे ४५ टाकले, ० ते ३९ हवेत’ हा मेसेज. काय टाकलं आणि काय हवं, दोन्ही त्यात आलं. सविस्तर सांगायचं असेल तर दीर्घ मजकुराची सोय आहेच.

काही ठिकाणी मेसेजची वेळच येऊ देऊ नये. पाडेगावच्या संशोधन केंद्राची एक जात कुणी ‘फुले २६५’ लिहील, कुणी ‘कोएम ०२६५’, कुणी नुसतं ‘२६५’. तिथे टाइप करायला लावू नका, यादीतून निवडायला द्या.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. स्क्रीन अडवतो आणि कारण सांगत नाही, तेव्हा समोरचा माणूस खरी माहिती सोडून ‘चालणारी’ माहिती भरतो. बाहेर शेतकरी रांगेत उभा असतो, तोही काय करणार? जी तारीख स्क्रीन स्वीकारेल ती टाकतो. मशीनच्या लेखी नोंद बरोबर ठरते, पाळी मात्र चुकते. अशी चूक नंतर शोधणं फार अवघड, कारण तिच्यावर एररची खूणच नसते.

पुढच्या व्याख्यानात एका वेळी अनेक ओळी भरायच्या तक्त्यात हीच तपासणी कशी करायची ते पाहू.