धांवावयास शिकविणाराचें शिकणें

मुलाला गणित शिकविणारे गुरुजी कोणती परीक्षा उतरले आहेत, हें पालक चौकशी करून जाणून घेतात. परंतु त्याच मुलाला मैदानावर धांवण्याचे व उड्यांचे धडे देणाराची विद्या किती, आणि ती केव्हांची, असा प्रश्न कोणीं विचारलेला आमच्या ऐकिवांत नाहीं. धांवणें तर उपजतच येतें, तें शिकवावयाचें काय, अशी समजूत याच्या मुळाशीं असते. ही समजूत खरी नव्हे, हें आपल्या महाराष्ट्रास शंभर वर्षांपूर्वींच कळून चुकलें आहे.

१९१९ सालीं पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यती सर दोराबजी टाटा यांनीं पाहिल्या. शेतांत राबणारीं, साध्या भाकरीवर वाढलेलीं मुलें खडबडीत जमिनीवर अनवाणी धांवत होतीं, आणि तरीही त्यांस लागणारा वेळ युरोपांतील धांवणारांच्या तोडीचा भरत होता. नियमांची व शास्त्रीय तयारीची मात्र तेथें कोणास गंधवार्ता नव्हती. शंभर यार्डांची शर्यत सरळ रेषेंत न ठेवतां वळणावरून घेण्याचा बेत चालला होता! पुढल्याच वर्षीं टाटांच्या साह्यानें हिंदी खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले, व बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनच्या शर्यतींत १९ वे आले. आपल्या मुलांच्या अंगांत बळ होतें; उणीव होती ती शिकविणाराची.

ती भरून काढण्याचे यत्नही त्याच सुमारास सुरू झाले. १९२० सालीं हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनीं मद्रासेस वाय. एम. सी. ए. चें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें. (हे बक साहेब १९२४ सालीं हिंदी संघाबरोबर पॅरिसच्या ऑलिंपिकास गेले, शिकविणारानें स्वतः जाऊन पाहावें, हें त्यांस ठाऊक होतें.) अमरावतीस १९१४ सालीं स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें व्यायामशिक्षक तयार करण्याचें काम अंगावर घेतलें, १९३८ सालीं मुंबई सरकारनें कांदिवलीस शिक्षणसंस्था उघडली, आणि १९६१ सालीं पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यांत राष्ट्रीय क्रीडासंस्था सुरू झाली.

परंतु पंचविसाव्या वर्षीं एकदां पदविका मिळाली, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत ती पुरते काय? व्याकरणाचे नियम सहसा बदलत नाहींत. मैदानाचे बदलतात. १९८४ सालीं पूर्व जर्मनीच्या उवे होन यानें भाला १०४.८० मीटर फेंकला, आणि तो मैदानांतून प्रेक्षकांत जाऊन पडेल कीं काय अशी भीति उत्पन्न झाली. तेव्हां १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढें सरकविण्यांत आला. त्यामुळें भाला लवकर टोंक खालीं करून पडूं लागला, आणि तो सोडण्याची सारी रीत नव्यानें बसवावी लागली. त्यापूर्वीं शिकलेल्या शिक्षकानें आपलेंच जुनें ज्ञान पुढें चालविलें असेल, तर त्याच्या शिष्यांची मेहनत कोठें गेली असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

उंच उडीचें उदाहरण याहून बोधप्रद आहे. १९६८ सालीं मेक्सिको येथें डिक फॉस्बरी या अमेरिकन विद्यार्थ्यानें दांडीकडे पाठ करून, आधीं डोकें पलीकडे नेऊन, २.२४ मीटर उडी मारली व सुवर्णपदक मिळविलें. कॉलेजांतील त्याच्या शिक्षकानें प्रथम त्यास जुनीच रीत शिकविण्याचा यत्न केला होता. पुढें शिष्याच्या उड्या पाहून त्यानें तो आग्रह सोडला. शिष्यापासून शिकण्याची ही तयारी आम्हांस त्या पदकाइतकीच मोलाची वाटते. आज जगांतील बहुतेक सर्व नामांकित खेळाडू याच रीतीनें उडी मारतात. परंतु येथें एक मोठा धोका आहे. या रीतींत मुलगा मानेवर व पाठीवर पडतो. म्हणून खालीं फोमची जाड गादी असल्याखेरीज ती शिकवावयाची नाहीं. चित्र पाहून अर्धवट शिकलेल्या शिक्षकानें वाळूच्या खड्ड्यावर हा प्रयोग करविला, तर पोराची मान जायबंदी होईल. जेथें गादी नाहीं, तेथें कात्रीची जुनी उडीच बरी.

येथवर पदकांचा प्रश्न होता. याहून मोठा प्रश्न मुलांच्या शरीराचा आहे. बारा ते पंधरा या वयांत मुलगा झपाट्यानें वाढतो. गुडघ्याच्या वाटीखालीं जेथें मांडीच्या स्नायूंची दोरी नडगीच्या हाडास जोडलेली असते, तो भाग त्या वयांत कोंवळा असतो. रोज उड्या व वेगाच्या धांवा यांनीं तो ओढला जाऊन सुजतो व दुखतो. जुन्या पिढीचा शिक्षक अशा मुलास कामचुकार ठरवून आणखी दोन फेऱ्या मारावयास लावी. जाणता शिक्षक उड्या कमी करतो, आणि दुखणें राहिलें तर वैद्याकडे धाडतो. मुलींच्या बाबतींत तर अधिक जपावें लागतें. श्रम वाढले व त्या मानानें अन्न वाढलें नाहीं, म्हणजे मासिक पाळी बंद पडते व हाडें दुर्बळ होतात. खेळाडूंच्या अशा कुपोषणास आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०१४ सालीं स्वतंत्र नांव देऊन शिक्षकांस सावध केलें. त्यापूर्वीं शिकून बाहेर पडलेल्यांस तें पुस्तकांत मिळालें नसणार. आणि हडकुळी मुलगी वेगानें धांवते, असें म्हणणारे अजूनही भेटतात.

आमच्या नवी मुंबईस हवेचीही अडचण आहे. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस पारसिकचे डोंगर, हवा दमट. अंगावरचा घाम वाळत नाहीं, आणि घाम वाळल्यावांचून शरीर थंड होत नाहीं. पाऊस सरतांच, नेमक्या ऑक्टोबरच्या उन्हांत, सराव सुरू होतो. सरावांत पाणी पिऊं नये, असें आमच्या लहानपणीं सांगत. तें चूक होतें. मुलगा उन्हानें भ्रमिष्टासारखा बोलूं लागला किंवा कोसळला, तर वाहनाची वाट पाहत न बसतां त्याच्या सर्वांगावर थंड पाणी व बर्फ घालून तेथेंच त्यास निववावें, आणि मग रुग्णालयांत न्यावें, हें आज शिकवितात. बर्फ कोठें ठेवला आहे, हें शिक्षकास आधींच ठाऊक पाहिजे.

डोळस शिक्षक लाभला म्हणजे काय होतें, हें बीड जिल्ह्यांतील मांडव्याच्या अविनाश साबळे यांच्याकडे पाहून कळतें. सैन्यांतील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनीं त्यांस रानावनांतील लांब धांवेकडून अडथळ्यांच्या व पाण्याच्या खड्ड्याच्या ३००० मीटर शर्यतीकडे वळविलें. २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत साबळे ८ मिनिटें ११.२० सेकंदांत धांवून रौप्यपदकाचे मानकरी झाले.

प्रशिक्षकांसाठीं पायरीपायरीनें शिकण्याची जागतिक महासंघाची योजना १९९१ पासून चालू आहे, व आपल्या देशांतही तिचे वर्ग भरतात. अशा वर्गास आमचा शिक्षक गेला, कीं कांहीं दिवस मैदान ओस पडतें, त्याचे तास इतरांस वांटून घ्यावे लागतात, आणि सामने तोंडावर आले असतां हें काय, अशा चिठ्ठ्या पालकांकडून येतात. त्यांस आम्ही एवढेंच सुचवितों कीं, तो परत आला म्हणजे सरावाची वही मुलाकडून मागून घ्यावी, आणि जातांनाचें पान व आल्यानंतरचें पान शेजारीं ठेवून वाचावें.