विश्लेषण : गल्ल्यावर बोलका, कॅमेऱ्यासमोर मुका… व्यवसायाच्या व्हिडीओत सहज कसे बोलता येईल?

दुकानात गिऱ्हाइकाशी अर्धा तास न थांबता बोलणारा माणूस मोबाइलचा कॅमेरा सुरू झाला की तिसऱ्या वाक्याला अडखळतो. आवाज बदलतो, हात कुठे ठेवावेत कळत नाही आणि ‘नमस्कार मित्रांनो’नंतरचे शब्द पाठ केलेल्या निबंधासारखे येतात. रील्स आणि यूट्यूबवर स्वतःच्या मालाची माहिती देऊ पाहणाऱ्या अनेक छोट्या व्यावसायिकांची ही अडचण आहे. काही जण पैसे मोजून दुसऱ्याला कॅमेऱ्यासमोर उभे करतात, तर काही जण चार व्हिडीओंनंतर नाद सोडतात. ‘आपल्यात ती गोष्टच नाही’ अशी त्यांची समजूत होते. ही समजूत कितपत खरी आहे?

कॅमेरा सुरू होताच काय बिघडते?

गप्पांमध्ये ऐकणारा मान हलवतो, हुंकार देतो, मध्येच शंका विचारतो. त्यावरून बोलणारा नकळत आपला वेग, आवाज आणि शब्द बदलत असतो. लेन्सकडून असा प्रतिसाद मिळत नाही. त्यामुळे लक्ष गिऱ्हाइकावरून उडून स्वतःवर येते. केस नीट आहेत का, चूक तर होत नाही ना, हेच विचार डोक्यात घोळू लागतात. बोलण्याचे कौशल्य तेवढेच असते, फक्त ते जागे करणारा समोरचा माणूस गायब झालेला असतो.

स्वतःचाच व्हिडीओ पाहवत का नाही?

आपण स्वतःचा चेहरा आयुष्यभर आरशात, म्हणजे उलटा पाहतो. व्हिडीओत तो सुलटा दिसला की काहीतरी चुकल्यासारखे वाटते. १९७७ साली मिटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात विद्यार्थिनींना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो अधिक आवडला, तर त्यांच्या जवळच्यांनी सुलटा फोटो पसंत केला. आवाजाचेही तसेच. बोलताना आपला आवाज हवेतून तसाच कवटीच्या हाडांतूनही कानापर्यंत पोहोचतो, म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून येणारा आवाज उरतो. इतरांना तो रोज तसाच ऐकू येत असल्याने त्यांना त्यात काही खटकत नाही.

घबराट प्रेक्षकांना दिसते का?

वाटते त्यापेक्षा बरीच कमी. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, भाषण करणाऱ्याला आपली धडधड सगळ्यांना दिसतेय असे वाटते, पण श्रोत्यांना ती तितकी जाणवत नाही. ज्यांना ही गोष्ट आधीच सांगितली, त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. म्हणजे भीती पूर्ण जाण्याची वाट पाहण्याची गरज नाही.

करिष्मा शिकता येतो का?

लोझान विद्यापीठातील जॉन अँटोनाकिस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नेमका हाच प्रश्न घेऊन व्यवस्थापक आणि एमबीएच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षण दिले. प्रशिक्षणानंतर पाहणाऱ्यांना ते अधिक प्रभावी वाटले. त्यांना शिकवलेल्या क्लृप्त्या साध्या होत्या : प्रश्न विचारणे, छोटी गोष्ट सांगणे, फरक दाखवणे, मुद्दे तीनांत मांडणे आणि आवाज, हावभाव, हातवारे यांचा वापर.

दुकानात हे कसे दिसेल? ‘आमच्याकडे उत्कृष्ट दर्जाच्या पैठण्या मिळतील’ हे वाक्य कुणीही म्हणेल. त्याऐवजी ‘पैठणी हातमागावरची आहे हे कसे ओळखाल? पदर उलटा करून बघा, नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते,’ असे म्हणत विक्रेत्याने पदर उलटला की प्रश्न, फरक आणि हातांना काम या तिन्ही गोष्टी साधतात. हात कुठे ठेवायचे ही चिंताही मिटते.

प्रेक्षक कशाशी जोडला जातो?

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये टीव्हीच्या संदर्भात एक निरीक्षण मांडले. पडद्यावरची व्यक्ती थेट आपल्याशी बोलतेय असे वाटले की प्रेक्षकाला तिच्याशी ओळख असल्याचा भास होतो. त्यासाठी देखणेपण लागतेच असे नाही. ‘एमडीएच’ मसाल्यांचे धरमपाल गुलाटी नव्वदी ओलांडल्यावरही स्वतःच्या जाहिरातींत झळकत आणि देशभर ओळखले जात. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार गावच्या सुमन धामणे ‘आपली आजी’ या यूट्यूब वाहिनीवर घरात बोलावे तशाच बोलत रेसिपी सांगतात. दोघांनीही निवेदकाची नक्कल केली नाही.

मोबाइलवर सुरुवात कशी करावी?

• पूर्ण संहिता पाठ करू नये. पहिले वाक्य, तीन मुद्दे आणि शेवटचे वाक्य एवढेच ठरवावे.

• एखादे ओळखीचे गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणून त्याच्या एका शंकेचे उत्तर द्यावे. शक्य असल्यास कुणालातरी मोबाइलच्या मागे उभे करून त्यालाच सांगावे.

• नजर स्क्रीनवरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे न ठेवता लेन्सकडे ठेवावी. मागचा कॅमेरा वापरला तर स्वतःकडे पाहण्याचा मोहच होत नाही.

• मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, पण जरा लांब ठेवावा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासानुसार, १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद भासू शकते.

• खिडकीकडे तोंड करून उभे राहावे. पंखा बंद करावा आणि कॉलरला लावायचा माइक वापरावा. चित्र थोडे कमी-जास्त चालते, पण आवाज कळला नाही तर प्रेक्षक पुढे सरकतो.

• अडखळल्यास थांबून तेच वाक्य पुन्हा म्हणावे. चुकलेला भाग नंतर कापता येतो.

सुधारणा झाली हे कसे ओळखावे?

व्हिडीओ लगेच पाहू नये, दुसऱ्या दिवशी पाहावा. ‘मी कसा दिसतो’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘गिऱ्हाइकाची शंका फिटली का’ एवढेच तपासावे. दुकानात रोज येणाऱ्या एखाद्याला तो दाखवावा. ‘तुम्ही गल्ल्यावर बोलता तसेच बोललात,’ असे तो म्हणाला, तर व्हिडीओ जमला.