बक्षिसी की वेतन?

उपाहारगृहातील वाढप्याला ग्राहकाकडून मिळणारी बक्षिसी, म्हणजेच टिप, अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार किमान वेतनात धरता येते. हे वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. त्यापैकी मालकाने स्वतः २.१३ डॉलर दिले तरी पुरते. हा दर १९९१ पासून बदललेला नाही. उरलेली रक्कम बक्षिसीतून भरून न निघाल्यास फरक मालकानेच द्यावयाचा असतो. मात्र तो टाळला गेल्यास तक्रारीचा भार कर्मचाऱ्यावर पडतो. कॅलिफोर्नियाने ही वजावट नाकारली असून तेथे पूर्ण किमान वेतनाखेरीज बक्षिसी मिळते. फ्रान्समध्ये सेवाशुल्क पदार्थांच्या दरातच समाविष्ट असते. बक्षिसी ही ग्राहकाची मर्जी होय. वेतन तिच्यावर सोपविले, की मंदीची झळ प्रथम श्रमिकाला बसते.