पंढरीचा कारभार : वहिवाटीपासून नेमणुकीपर्यंत

विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकताना वारकऱ्याने समोरच्या ताटात टाकलेले नाणे कोणाच्या मालकीचे, या वरकरणी साध्या प्रश्नाचा अखेरचा निवाडा होण्यास महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. विठ्ठलाकडे बडवे, रुक्मिणीकडे उत्पात, आणि त्यांच्या जोडीला पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे व डांगे असे सेवाधारी, अशी ही वंशपरंपरागत हक्कांची रचना होती. देवापुढील उत्पन्नाचा हक्क बडव्यांमध्ये लिलावाने दिला जाई. ज्याची बोली चढी त्याचे उत्पन्न, आणि बोलीची रक्कम भरून निघावी म्हणून शेकडो कोस चालून आलेल्या गरीब भाविकाच्या कनवटीकडे डोळे लागावेत, हे त्या वहिवाटीतच अनुस्यूत होते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणाला लावून मंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडविले खरे. परंतु दाराच्या आतील मिरासदारी अबाधितच राहिली.

तिला हात घातला तो या हक्कांच्या चौकशीसाठी नेमलेल्या नाडकर्णी आयोगाने. त्याच्या १९७० मधील अहवालाच्या आधारे १९७३ चा पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला, वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आले आणि कारभार शासननियुक्त समितीकडे सोपविण्याचे ठरले. पुढे कज्जेदलाली सुरू झाली. १९८५ मध्ये समितीने कारभार हाती घेतला, तरी वादाचा शेवट सर्वोच्च न्यायालयाने १५ जानेवारी २०१४ रोजी बडव्यांची याचिका फेटाळली तेव्हाच झाला. त्याच वर्षी समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी जातीची वा स्त्रीपुरुषभेदाची अट न ठेवता अर्ज मागविले, ही घटना मला त्या निकालाइतकीच मोलाची वाटते.

देवाचे उत्पन्न देवाच्या आणि भाविकांच्या कामी लागावे, हे तत्त्व निर्विवाद न्याय्य होते. मात्र जन्माने मिळणारा अधिकार काढून तो नेमणुकीने दिला की कारभार आपोआप निर्मळ होतो, असे मानण्याचे कारण नाही. सदस्यांची निवड मंत्रालयातून होते, तेथे पक्षीय सोयीचा शिरकाव होण्याचा धोका सदैव राहतो. म्हणून शासनाला आग्रहाची विनंती अशी, की समितीवरील नेमणुका मुदतीत व्हाव्यात, त्यांत वारीतील फडकरी-दिंडीकऱ्यांना मानाचे स्थान असावे, आणि दरसाल आषाढीपूर्वी मंदिराचा जमाखर्च सर्वांना वाचता येईल असा मराठीत प्रसिद्ध व्हावा.